शांतवनची एकुलती एक टोपली

आमच्या नगरच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला उज्ज्वल इतिहास आहे, असं भिमाजी मास्तरांनी मला सांगितलं तेव्हा कॉलेज निघून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्यातले पहिले काही महिने तर मैदानातले दगड वेचण्यातच गेले होते. मी तसं बोलून दाखवलं. मास्तर म्हणाले, दगड वेचणं हाही इतिहासच आहे आणि त्याची फिल्म आपल्याकडे आहे.

भिमाजी मास्तर आमचे खेळाचे शिक्षक. लढाईच्या काळात ते पलटणीत होते. तिथल्या कुठल्याशा छावणीत गोऱ्या सोल्जरांकडून हा खेळ शिकले आणि तेव्हापासून त्यांना जगात दुसरं काही दिसेनासं झालं. मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. खेळाचं मला काडीचं प्रेम नव्हतं. पण कॉलेजातला प्रोजेक्टर माझ्याशिवाय कोणाला चालवता येत नसे, म्हणून १९४८ सालच्या नाताळच्या सुट्टीत घरच्या करंज्या सोडून मी या इतिहासामागे जिल्हाभर धूळ खात हिंडलो.

मास्तरांनी योजलं होतं ते असं. व्याख्यानमाला असते तशी चित्रपटमाला करायची, नाताळापासून नव्या वर्षापर्यंत रोज एका गावी एक पुष्प गुंफायचं. एका पुष्पाचं नाव 'बीजारोपण', एकाचं 'संघर्ष', एकाचं 'विजयाकडे वाटचाल'. फिल्मची रिळं मात्र तीनच होती. त्यामुळे दर गावी तीच तिन्ही दाखवायची, फक्त क्रम बदलायचा. अकोल्याला आमचा संघ आधी सामना हरला आणि मग त्याने मैदान खणायला घेतलं. अकोलेकरांनी त्यावर काही हरकत घेतली नाही. हरल्यावर पोरं कामाला लागली, हे उलट त्यांना फार आवडलं.

ही रिळं काढली होती कॉलेजात पाहुणे म्हणून आलेल्या एका अमेरिकन साहेबांनी. साहेब मोठे उत्साही, पण त्यांचा कॅमेरा किल्लीचा होता. घड्याळासारखी किल्ली द्यायची, ती संपेपर्यंत चित्र घ्यायचं, मग परत किल्ली द्यायची. चेंडू टोपलीकडे निघाला, की नेमकी साहेबांची किल्ली संपायची. आमचे खेळाडू धावताना, पडताना, बुटाचे बंद बांधताना आणि लिंबाचं सरबत पिताना फिल्मवर स्पष्ट दिसत. एका सामन्यात शिरलेली म्हैसही छान आली होती. पण चेंडू टोपलीत पडताना मात्र तिन्ही रिळांत मिळून एकदाच दिसे, आणि तो टाकला होता शांतवनने.

दुर्दैवाने ती टोपली आमचीच होती.

शांतवन राळेगणसिद्धीकडचा. वडील कोरडवाहू शेती करत आणि रविवारी ख्रिस्ती देवळात पेटी वाजवत. हा चार वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी करून मग कॉलेजात आला, त्यामुळे वर्गात तोच वयाने मोठा, आणि उंचीने तर इतका मोठा, की नगरच्या बाजारात लोक परगावच्या माणसाला त्याच्या खुणेने वाट सांगत. कुठल्याही दारातून आत येताना तो आधी नमस्कार करतो की काय असं वाटे. दोन-तीन ठिकाणी लग्नाचं बोलणं झालं, पण मुलीकडच्यांनी त्याला उभा राहिलेला पाहिला आणि पुढे कळवतो म्हणाले. एका घरी तर मुलीची मान दुखेल असं तोंडावर सांगितलं. तो त्यांनाही 'बरोबर आहे तुमचं' म्हणून आला.

कारण शांतवनचा खरा दोष उंची नव्हता, भिडस्तपणा होता. त्या उंचीकडे बघून मास्तरांनी त्याला संघात ओढला आणि पहिल्याच दिवशी पस्तावले. समोरच्या संघातल्या कोणी हात पुढे केला, की शांतवन चेंडू देऊन टाकायचा. समोरून माणूस मागतोय तर नाही कसं म्हणायचं, असं त्याचं म्हणणं. शेवटी मास्तरांनी फर्मान काढलं की शांतवनने हात वर करून नुसतं उभं राहायचं आणि त्याला चेंडू कोणीही द्यायचा नाही. तसा तो सामन्यामागून सामने उभा राहिला.

मग पलटणीच्या संघाशी सामना झाला. या खेळात अर्ध्या वेळेनंतर दोन्ही संघ बाजू बदलतात, म्हणजे आधी जी टोपली समोरच्यांची असते ती मग आपली होते, आणि आपल्या टोपलीत चेंडू पडला की गुण समोरच्यांना. शांतवनला चेंडूच मिळत नसल्याने टोपली कोणती याचा विचार करण्याची वेळ त्याच्यावर आली नव्हती. त्या दिवशी उत्तरार्धात चेंडू कोणाच्या तरी खांद्यावर आपटून उडाला आणि त्याच्या वर केलेल्या हातांत अलगद येऊन बसला. जवळ हात पुढे करणारं कोणी नव्हतं. त्याने समोर दिसलेल्या टोपलीत तो टाकला, चेंडू कड्याला न लागता जाळीतून खाली आला, आणि हा सहा फुटांहून उंच माणूस दोन्ही हात पसरून जागच्या जागी उड्या मारत नाचला. साहेबांची किल्ली त्या वेळी, आश्चर्य म्हणजे, पूर्ण भरलेली होती.

आता जामखेडचं सांगतो. तिथल्या मिशनच्या शाळेचे हेडमास्तर दानीएल, त्यांची मुलगी दीना. गेल्या उन्हाळ्यात नगरला ख्रिस्ती मंडळीचा मेळावा होता. तिथे शांतवनचं डोकं मांडवाच्या आडव्या वाशाला आपटलं आणि अख्खं कापड गाणाऱ्या मुलींवर कोसळलं. लोक त्याच्यावर तुटून पडले. कापडाखालून एक मुलगी बाहेर आली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि मग म्हणाली, "लागलं का हो तुम्हाला?" ती दीना. शांतवनने ही हकिगत मला जामखेडला जाताना जीपमध्ये सांगितली. म्हणाला, जन्मभर डोकं आपटत आलोय, पण लागलं का, असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिथे होकार आला नाही तर यापुढे कुठेही मुलगी बघायला जाणार नाही, असंही त्याने ठरवलं होतं. त्याचा आवाज इतका हळू होता की मला चेष्टा करवेना.

बोलणं लागलेलं होतं. पण दानीएल मास्तरांच्या कानावर फिल्मची बातमी गेली होती आणि ते हट्टाला पेटले होते, की मुलगा आधी पडद्यावर बघायचा, प्रत्यक्ष मागाहून. पडद्यावर बघितलेला जावई साऱ्या तालुक्यात दुसऱ्या कोणाला नाही, हे त्यांनी आधीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं.

लष्कराची जुनी जीप घेऊन आम्ही जामखेडात शिरलो, तेव्हा अर्ध्या गल्लीने दारं लावून घेतली. निजामाची हद्द जवळ, पोलीस अ‍ॅक्शन नुकतीच आटपलेली, लोकांना वाटलं पुन्हा काही निघालं. बास्केटबॉलचा इतिहास आलाय हे कळल्यावर दारं उघडली. शांतवनला शाळेच्या एका खोलीत भिंतीकडे तोंड करून बसवण्यात आलं, म्हणजे वेळेआधी कोणाला दिसू नये. तो निमूट बसला. त्याच्यासाठी चहासुद्धा पाठीमागून आला.

दिवेलागण झाली तशी शाळेच्या पटांगणात दोन काठ्यांना पडदा बांधला आणि पाणी मारून चांगला भिजवला. ओल्या कापडातून चित्र पलीकडेही उमटतं, आणि ते उमटावंच लागतं, कारण पडद्यापुढे पुरुष बसायचे आणि पडद्यामागे बायका, अशी सगळीकडचीच रीत होती. चित्र तेच, फक्त पुढून जे उजव्या हाताला दिसतं ते मागून डाव्या हाताला. इतर गावी त्याने कोणाचं काही अडलं नव्हतं.

जामखेडला अडलं ते भिमाजी मास्तरांच्या मायेमुळे. शांतवनवर त्यांचा जीव होता, त्याचं लग्न व्हावं असं त्यांनाही मनापासून वाटत होतं. एरवी ते टोपली कोणाची याबद्दल गुळमुळीत बोलत. त्या दिवशी मात्र पडद्याशेजारी उभे राहून त्यांनी पलटणी आवाजात दोन्हीकडच्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की तुमच्या डाव्या हाताची टोपली आमची आणि उजव्या हाताची समोरच्यांची. पुढे बसलेल्यांच्या दृष्टीने हे धडधडीत खोटं होतं. शांतवन माझ्याजवळ अंधारात येऊन बसला होता, तो उठायला लागला. मास्तरांनी येऊन त्याचा गुडघा दाबला.

मी प्रोजेक्टर सुरू केला. चेंडू पुरुषांच्या उजव्या हाताच्या टोपलीत पडला आणि पटांगण दणाणलं. पुढच्या रांगेत गहिनीनाथ पैलवान होते, दानीएल मास्तरांचे शेजारी. जत्रेत कुस्त्या लावणारा माणूस, हार-जीत त्यांच्या शब्दावर ठरायची. ते उठले, शांतवनला उजेडात ओढलं आणि स्वतःच्या डोक्यावरचा फेटा सोडून त्याच्या डोक्याला बांधला. त्यासाठी त्याला खाली बसवावं लागलं. दानीएल मास्तर त्याला जावईबापू म्हणू लागले.

तेवढ्यात पडद्यामागून दीनाची आत्या साळूबाई आली. मास्तरांचं सांगणं बायकांनीही मन लावून ऐकलं होतं आणि त्यांना चेंडू डाव्या हाताच्या, म्हणजे आमच्याच टोपलीत पडलेला दिसला होता. मी मनात म्हटलं, संपलं. पण साळूबाईचा चेहरा फुलला होता. सगळ्या बायका एका तोंडाने सांगत होत्या, की धावपळ करून मिळवलेलं जे मानूस आपल्याच घरात आणून टाकतं ते संसाराला लई चांगलं. बाकीची पोरं सगळी दुसऱ्याच्या दारात टाकायला पळत होती, ह्यो एकलाच घरचा. तिने शांतवनची अलाबला घेतली आणि भावाला सांगितलं, मुलगी द्या.

अशा रीतीने पुरुषांना तो जिंकलेला दिसला म्हणून पसंत पडला आणि बायकांना हरलेला दिसला म्हणून. साखर वाटली गेली. दोन्ही बाजूंनी एकमेकांना विचारलं असतं तर तिथेच घोळ झाला असता, पण लग्न ठरताना दोन्हीकडची कारणं जुळतात का, हे बघायची आपल्याकडे पद्धत नाही.

इथे थांबायला हवं होतं. पण खर्ड्याचे पाहुणे बैलगाडीचं चाक निखळल्यामुळे उशिरा पोचले आणि दानीएल मास्तरांनी त्यांच्यासाठी खेळ पुन्हा लावायला सांगितला. त्यावर साळूबाई अडून बसली.

"लगीन आमच्या पोरीचं, आन् आमी मागं? आता आमी म्होरं बसनार, गडी मान्सं जातील मागं."

आनंदाच्या भरात पुरुषांनी ते कबूल केलं. लोक हसत हसत जागा बदलू लागले. मी मास्तरांना बाजूला घेऊन म्हणालो, आता उजव्याचं डावं होणार, तुमचं वाक्य फिरवा. मास्तरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी कॉलेजचा पाया उखडायला निघालोय. म्हणाले, माणसं उठून इकडची तिकडे बसली म्हणून मी इतिहास बदलू का? ज्या माणसाने अकोल्याला संघाला हरल्यावर मैदान खणायला लावलं होतं तो मला हे सांगत होता.

त्यांनी तेच वाक्य तितक्याच जोरात म्हटलं.

या खेपेला मागे बसलेल्या पुरुषांना जावयाने आपल्याच टोपलीत चेंडू टाकलेला दिसला, आणि पुढे बसलेल्या बायकांना तो परक्याच्या घरात टाकलेला दिसला. टाळी एकही वाजली नाही. गहिनीनाथ पैलवान पडद्याला वळसा घालून आले, शांतवनच्या डोक्यावरचा फेटा उलगडू लागले, आणि तो बिचारा त्यांना सोयीचं जावं म्हणून स्वतःच खाली बसला. साळूबाई म्हणत होती, मघा घरचा वाटला, आता बगते तर मिळवलेलं सारं लोकाच्या पदरात. खर्ड्याचे पाहुणे, ज्यांनी एकच खेळ पाहिला होता, ते नाही म्हणून मोकळे झाले होते. तासाभरापूर्वी ज्याच्यावर सगळे खूश होते त्याच्यावर आता सगळे नाराज होते, आणि तो माणूस मधल्या वेळात जागेवरून हललासुद्धा नव्हता. मला इतका संताप आला, की दोन्हीकडच्यांना प्रकाशाचे नियम समजावून सांगायला मी तोंड उघडलं. कोणी ऐकलं नाही.

दानीएल मास्तर मात्र घाबरले होते. साखर वाटून झालेली, मुलगी उभी, आणि सोयरीक डोळ्यांदेखत उसवत चाललेली. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि शांतवनकडे वळले.

"शांतवनराव, तुम्हीच सांगा. टोपली कोणाची होती?"

भिमाजी मास्तर मागून खुणा करत होते, की समोरच्यांची म्हण. म्हटलं असतं तर निदान पुरुष तरी परत फिरले असते, आणि शेवटचा शब्द पुरुषांचा होता. शांतवन उठून उभा राहिला. त्याला एवढं भ्यालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आमचीच होती," तो म्हणाला. "बाजू बदलली ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. आमचे मास्तर माझ्यासाठी खोटं बोलले. त्यांना कोणी बोलू नका."

भिमाजी मास्तरांनी मान खाली घातली. गहिनीनाथांनी फेट्याची घडी काखेत मारली आणि विचारलं, "हरलास ते हरलास, बाबा. सगळेच हरत्यात. पर मग नाचलास कशापायी?"

"मला चेंडू कोणी देतच नव्हतं," शांतवन म्हणाला. "पहिल्यांदा हातात आला आणि नीट पडला. कोणाच्या टोपलीत पडला ते मला नंतर कळलं. तोवर आनंद होऊन गेला होता."

दानीएल मास्तर वहाणा शोधायला लागले, म्हणजे नकारच. तेव्हा बायकांतून दीना उठली. लग्नाच्या मुलीने चारचौघांत बोलायचे ते दिवस नव्हते. साळूबाईने तिचा पदर ओढला, तो तिने सोडवून घेतला.

"बाबा, तुम्ही सगळे टोपलीकडंच बघत राहिलात," ती म्हणाली. "मी एकदा मागून बघितलं आणि एकदा पुढून. दोन्हीकडून मला एकच दिसलं. हे एकटेच नाचत होते. संघातली पोरं कपाळाला हात लावून उभी होती, एकसुद्धा जवळ गेलं न्हाई. मी तिथं असते तर गेले असते."

आणि मग तिला रडू आलं. दानीएल मास्तरांनी पायात घातलेली वहाण परत काढून ठेवली. साळूबाई पुटपुटली, की बरं झालं, टोपली घरचीच निघाली, आमी पयल्यांदाच बोललो हुतो. गहिनीनाथ पैलवानांनी काखेतला फेटा झटकला, शांतवनला खाली बसायची खूण केली आणि पुन्हा बांधला. हरलेल्या गड्याला फेटा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच बांधला असावा, कारण गाठ काही केल्या बसेना.

पुढच्या मे महिन्यात लग्न झालं. शांतवन पदवीच्या नादी न लागता मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून परत रुजू झाला, संघातूनही सुटला. संघाने दुसरा उंच मुलगा धरून आणला. तोही हरतच होता.

एकोणपन्नासच्या नाताळात भिमाजी मास्तरांनी चित्रपटमालेचं दुसरं वर्ष काढलं. साहेब कॅमेरा घेऊन अमेरिकेला परत गेले होते, तेव्हा रिळं तीच तीन. जामखेडच्या पटांगणात तसाच पडदा भिजवला, पुरुष पुढे आणि बायका मागे. या वेळी मास्तर पडद्याशेजारी उभे राहिले आणि डाव्या-उजव्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. शांतवन माझ्याजवळ, प्रोजेक्टरशेजारी बसला होता.

चेंडू टोपलीत पडला. पडद्यावरचा शांतवन हात पसरून नाचायला लागला, त्याच्यामागे संघातले बाकीचे कपाळाला हात लावून उभे होते. तेवढ्यात पडद्याच्या कडेने दीना पुढे आली आणि सरळ उजेडात शिरली. डोक्यावर पदर घेतलेली तिची काळी सावली पडद्यावर सरकत गेली आणि नाचणाऱ्या माणसाच्या अगदी जवळ जाऊन थांबली. खाली बसा, खाली बसा, असा पुरुषांनी गलका केला. ती बसली नाही.

साहेबांची किल्ली संपली होती तिथे चित्र तुटलं, आणि ते रीळ त्या दिवशी मी शेवटी लावलं होतं. पडदा पांढरा झाला, त्यावर तिची एकटीची सावली राहिली. माझ्याशेजारचा शांतवन उठला. प्रोजेक्टरला धक्का लागू नये म्हणून नेहमीसारखा वाकून तो लोकांमधून पुढे गेला, तिच्याजवळ पोचला, आणि तिथे मात्र ताठ उभा राहिला. त्याच्या सावलीचं डोकं पडद्यात मावलंच नाही. पडद्यामागून बायकांचं हसणं ऐकू आलं. रीळ संपलं की दिवा लगेच मालवायचा, नाहीतर तो तापतो, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी शिकवतो. त्या दिवशी मी तो मालवला नाही.